पेशा

दाभोळच्या जेटीवर, तिकीटखिडकीच्या पाठीला
माझं झेरॉक्सचं दुकान.
एका पानाचे दोन रुपये.
वाचून दाखवायचे मी घेत नाही.

अरबी अक्षर मला लहानपणापासून लागतं,
मदरशात छडी खाऊन बसलेलं, जेर-जबरसकट.
अर्थ तेव्हा कुणी सांगितला नाही.
तो मी इथे शिकले, लोकांच्या व्हिसांवरून,
एका रकान्यातून: पेशा.

सायक म्हणजे ड्रायव्हर. आमिल, मजूर.
खादिम म्हणजे घरगडी;
कंपनीवाल्यांचा कायदा
त्याच्या मालकाच्या उंबऱ्याशी चपला काढून थांबतो.

आणि सगळ्यांत महाग, आझाद.
आझाद नावाचा व्हिसा कुठल्याच कागदावर नसतो.
दरसाल कफीलला पैसे भरायचे,
त्यानं आपल्याला काम देऊ नये म्हणून.
मग बाहेर मिळेल ते काम करायचं
आणि पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलायची.

नाहिदा परकार, बी.एड., गणित-विज्ञान,
नवऱ्याच्या मागोमाग निघालेली.
तिच्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती.
मी दोनदा वाचली, मग सांगितली:
काम करण्यास परवानगी नाही.
ती थोडा वेळ फेरीबोट बघत राहिली.
"स्वयंपाक धरतात का गो त्यात?"

लियाकत होडेकर आला तो पावसाळी बंदीच्या दिवसांत.
बावीस वर्षं तांडेल.
पाण्याचा रंग बघून खाली काय आहे ते सांगणारा माणूस
कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, वाच.
मी वाचलं: राई.
"राई? फोडणीची?"
नाही, लियाकतभाई. मेंढपाळ.

तो इतका हसला की बाकावरची माणसं वळली.
एजंटनं सांगितलं होतं,
कागदावर काय का असेना, घालणार तुला बोटीवरच.
मी म्हटलं, बोटीवर सापडलात तर गुन्हा तुमचा,
एजंटचा नाही.
समुद्राशिवाय ज्याला काही येत नाही
त्याला तिथे समुद्रच बेकायदा.
त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.
बायकोच्या बांगड्या आधीच गेल्या होत्या,
कागद परत कुठे देणार?

त्याच्या जागी बोटीवर आता टेकबहादूर आहे.
नेपाळातून, तीन दिवसांचा प्रवास करून,
जन्मात कधी समुद्र न पाहिलेला.
त्याला व्हिसा लागत नाही.
पासपोर्ट नाही, शिक्का नाही, रकाना नाही.
ओळखपत्राची झेरॉक्स हवी म्हणाला.
खरं कार्ड कुठाय?
मालकाच्या कपाटात. हरवू नये म्हणून.
आणि पगार?
तोही. हंगाम संपला की एकदम.
मग काउंटरवरचे कागद बघत विचारलं त्यानं,
"दीदी, माझं काम कुठे लिहिलंय?"

इतक्या वर्षांत
मला न वाचता आलेला तो पहिला कागद,
कारण तो नव्हताच.

काल लियाकतचा फोटो आला.
एजंट खोटा ठरला, कागद खरा.
पिवळी जमीन, दूरवर पत्र्याची शेड,
चाळीसेक मेंढ्या, आणि हा,
डोक्याला फडकं बांधून, डोळे बारीक करून उभा.
खाली आवाजात निरोप:
"वारा फिरला की आधी मला कळतं, बाय.
पण इथे सांगायचं कोणाला?"

मी फोटो मोठा करून बघितला.
कोपऱ्यात एक मेंढी खुंटीला बांधलेली.
दोरीला मारलेली गाठ आपली,
होडी जेटीला लावताना मारतात ती.

रंगीत प्रिंट काढली.
दहा रुपये माझेच,
माझ्याच गल्ल्यात टाकले.